गाडी ठंडी होती

गजूदादा,

पेपरात तुझं नावसुद्धा नाही. 'मिस्त्रीच्या निष्काळजीपणामुळे कारला आग.' आतल्या पानावर, खालच्या कोपऱ्यात, चार ओळी. आग कारला लागली. मिस्त्रीचं काय झालं ते शेवटच्या ओळीत, तेही अर्धं. मी वाचून पेपर घडी केला आणि मांडीखाली दाबला. मोठ्या बाबांनी ते बघितलं.

"काय लिहिलं वं?"

"काई नाई."

"वाच."

वाचलं. त्यांनी मान हलवली. हो म्हणून हलवली, दादा. तुझ्या बापानं. आम्हा चुलत भावंडांचं ऐकून तूही त्यांना जन्मभर 'मोठे बाबा'च म्हणालास. त्या माणसाला 'निष्काळजीपणा' हा शब्द पटला. दुसऱ्या दिवशी सकाळी ते आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून गॅरेजवर गेले. मी मागोमाग गेले, फाटकाशी थांबले. त्यांनी सेठपुढे हात जोडले. "माह्या पोरानं तुमचं नुकसान केलं," म्हणाले, "माफी द्या." सेठनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि माफ केलं.

ऐकलंस? तू जळून गेलास, तुझ्या बापानं माफी मागितली, आणि ती मिळालीसुद्धा.

रडायचं तेव्हा रडीन. आत्ता मला भांडायचं आहे, आणि भांडायला तुझ्याइतकं चांगलं माणूस या घरात उरलेलं नाही.

आपलं भांडण कधी संपलंच कुठं? मी हिंगण्याच्या कारखान्यांच्या गेटवर पत्रकं वाटून घरी आले की तू दारातच अडवायचास. "आली पुढारीणबाई! काय वं, आज कोनाचं राज्य पाडलं?" मग माझ्या झोळीतलं पत्रक ओढून घ्यायचं आणि गल्लीला ऐकू जाईल असं वाचायचं. "'आस्थापनेने कामगारांना सुरक्षा साधने पुरवावीत.' हे आस्थापना कोनाची पोरगी होय वं?" मी चिडून हिसकावायला यायचे, तू हात उंच करायचास. "सेठ म्हन ना सीधं. सेठ म्हटलं का सेठले बी समजते." आणि त्याच पत्रकानं बोटांचं ग्रीस पुसायचास. "कागद मात्र चांगला घेता बाप्पा तुमी लोकं. तेल मस्त सोसते."

पुढच्या पत्रकात 'आस्थापना' नव्हतं. 'मालक' होतं. ते तुझं ऐकून केलं होतं, आणि हे मी तुला कधी बोलले नाही. तुझ्या लक्षात आलं की नाही, देव जाणे. आलं असेल तरी तू कबूल करणाऱ्यातला नव्हतास.

मी म्हणायचे, तुमच्या गॅरेजात आग विझवायचं सिलिंडर नाही, वाळूच्या बादलीत वाळू कमी आणि खर्ऱ्याच्या पिचकाऱ्या जास्त. सेठशी बोल. तू म्हणायचास, "सेठशी बोलून मी कुठं जाऊ? तुह्या पत्रकात?" हे उत्तर मला तेव्हा भेकडपणाचं वाटायचं. आजही थोडं वाटतं. तू गेलास म्हणून माझं मत गेलं नाही.

पण निष्काळजी? तू?

रामटेकहून येताना माझी स्कुटी बंद पडली होती, आठवतं? उन्हाचा कहर, रस्त्यावर एक पानठेला आणि मी. तुला फोन केला. तू शिव्या देत नागपूरहून बाइक हाणत आलास, बाटलीत पेट्रोल घेऊन. टाकीत डोकावलास आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणालास, "पुढारीणबाई, क्रांती बी पेट्रोलवरच चालते." ठेल्यावरचा म्हातारा विडी ओढत बघायला आला, तर तू त्याला हात जोडून लांब नेऊन उभं केलंस. "बाबा, तिकडं ओढा, मंग या." मला झाडाखाली पिटाळलंस. आणि तरी पेट्रोल ओतलं नाहीस. बाटली सावलीत ठेवून बसून राहिलास. मी म्हटलं, "आता काय मुहूर्त पाहून राह्यला काय?" तू सायलेन्सरकडे बोट दाखवलंस. "उन्हानं अजून गरम हाय. ठंडी होऊ दे गाडी."

ज्या माणसानं एक बाटली पेट्रोलासाठी अर्धी दुपार झाडाखाली काढली, त्याला निष्काळजी म्हणतात.

त्या एका शब्दावर मला बोलायचं आहे. ठंडी. तुमच्या गॅरेजात तो शब्द मी शेकडो वेळा ऐकला असेल. बॉनेटवर हात ठेवायचा, 'ठंडी हाय' म्हणायचं आणि पाना लावायचा. सेठही खुर्चीतून तेवढंच विचारायचा, "गाडी ठंडी झाली का? मंग खोल." सेठ हे त्याच्या उस्तादाकडून शिकला, तू सेठकडून, तुझ्या हाताखालचा मोरेश्वर तुझ्याकडून. आणि सेठच्या तरुणपणी ते खरंही होतं. त्या जुन्या गाड्यांत इंजिन बंद झालं की पेट्रोलचा पाइप मुकाट पडून राहायचा. भीती एकच, गरम इंजिनावर थेंब पडायची. गाडी निवली की भीती संपली.

पुढे गाड्या बदलल्या. पेट्रोल जोरानं फवारणारी इंजिनं आली, त्याला जोर देणारा पंप टाकीत बसला. चावी बंद केली तरी पाइपातला दाब जात नाही. सकाळी गाडी पहिल्या सेल्फात सुरू व्हावी म्हणून बनवणाऱ्यांनीच तो आत धरून ठेवला आहे. इंजिन बर्फासारखं गार असो, पाइप भरलेल्या पिचकारीसारखा ताणलेला असतो. गाड्या बदलल्या, शब्द तोच राहिला. सेठनं दारावरची पाटी नव्यानं रंगवून घेतली, 'सर्व नवीन गाड्यांची कामे होतील'. शब्द कोणी नव्यानं शिकवला नाही.

त्या दिवशीचं मला मोरेश्वरनं सांगितलं. त्याच्या दोन्ही हातांना पट्ट्या होत्या. बोलताना तो माझ्याकडे बघत नव्हता. गाडी सकाळपासून टिनाच्या शेडमध्ये उभी होती. पेट्रोलचा फिल्टर बदलायचा, बाकी काही नाही. गिऱ्हाईक कूलरसमोर बसून घाई करत होतं, बायकापोरांना घेऊन रामटेकला जायचं होतं. तू बॉनेट उघडलंस. इंजिनावर तळहात ठेवलास, आणि नुसता ठेवला नाहीस, थोडा वेळ ठेवून धरलास, असं मोरेश्वर म्हणाला. मग म्हणालास, "ठंडी हाय." आत अंधार होता म्हणून मोरेश्वरनं जाळीतला बल्ब वायरीसकट पुढे धरला. तू वाकलास आणि पाइपाचा सांधा सोडवलास.

पेट्रोल थेंबानं आलं नाही. फवारा आला. तुझ्या तोंडावर, छातीवर, आणि तापलेल्या बल्बवर. बल्ब फुटला.

यापुढचं मी लिहिणार नाही. मोरेश्वरनं सांगितलं, मी ऐकलं, ते आम्हा दोघांपाशी राहू दे.

वॉर्डात तू शुद्धीवर होतास तेव्हा मोठ्या बाबांना आत येववत नव्हतं. मी यायचे. तुझे डोळे पट्टीखाली होते, तरी चाहुलीवरून ओळखायचास. "पुढारीणबाई काय?" आवाज तुझा नव्हता, शब्द तुझे होते. माझ्या संघटनेतली पोरं बाहेर उभी होती, फोटो घेऊ का म्हणून विचारत होती. मी तुला विचारलं. मला वाटलं, तू हो म्हणशील.

"फोटो नोको छापू वं माहा. असा तं नाईच."

"लोकांनी पाहिलं पाहिजे, दादा."

"पायतीन. बिचारा म्हनतीन. मंग?"

फोटो मी छापला नाही, पण मला तुझं पटलंय असं समजू नकोस. ते भांडण बाकी आहे. तू अर्ध्यात उठून गेलास.

मग मला वाटलं झोपलास. तेवढ्यात म्हणालास, "गाडी ठंडी होती वं. मी हात लावून पाह्यला. खरंच ठंडी होती." पुन्हा पुन्हा तेच. नर्सला तेच, मला तेच. पोलिस जबाब घ्यायला आले तर त्यांनाही तेच. त्यांना त्यात काही अर्थ दिसला नाही. मला वाटलं, तू तापात बडबडतोयस. तू तर पुरावा देत होतास. जे जे शिकवलं ते ते मी केलं होतं, एवढंच तू सांगत होतास, आणि ते समजेल असं एकही माणूस त्या वॉर्डात नव्हतं. मीसुद्धा नाही.

तू गेल्यावर मी विचारत फिरले. हिंगण्याच्या एका मोठ्या वर्कशॉपातला फोरमन भेटला, टपरीवर. मी सगळं सांगितलं. त्यानं कप खाली ठेवला. "फ्यूज काढला नव्हता काय?" म्हणाला. कुठला फ्यूज, मी विचारलं. मग त्यानं अर्धा कप चहा संपायच्या आत सगळं सांगून टाकलं. टाकीचं झाकण उघडायचं, कोंडलेली वाफ जाऊ द्यायची. पेट्रोलच्या पंपाचा फ्यूज काढायचा. तो कुठल्या गाडीत कुठं असतो ते गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं. मग गाडी सुरू करायची. पंप बंद, त्यामुळे पाइपात उरलेलं तेवढंच पेट्रोल ती पिते, अडखळते, आपोआप बंद पडते. आणखी एकदोनदा सेल्फ मारून बघायचा. मग बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडायची, सांध्याभोवती जाड फडकं गुंडाळायचं आणि हळूहळू सोडवायचं. तरी थोडं येतंच, ते फडक्यात जातं. डोळ्यांवर चष्मा, जवळ ना बल्ब ना विडी, सिलिंडर हाताशी. झालं.

झालं! याला ना पैसा लागतो ना मशीन. फक्त कोणीतरी सांगावं लागतं. मी टपरीवर उभी राहून त्या फोरमनवर ओरडले, "मंग तुमी लोकं सांगत काहून नाई?" तो बिचारा म्हणाला, "ताई, मले कोन विचारते?" त्याचा काही दोष नव्हता. पण मला कोणावर तरी ओरडायचं होतं आणि सेठ समोर नव्हता.

घरी आले तर मोठे बाबा तुझ्या खाटेशी बसले होते. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, पोरगा चांगला होता, पन घाई नडली. मी त्यांच्यासमोर बसले. पत्रकातली भाषा आली नाही. मी म्हटलं, "मोठे बाबा, इंजिन बंद केलं तरी पाइपातला जोर जात नाई. तो आधी काढा लागते. गजूदादाले हे कोनं सांगतलंच नव्हतं."

ते माझ्याकडे बघत राहिले. त्यांना गाडीतलं काही कळत नाही, तुला माहीत आहे, सायकलची साखळीही तूच चढवून द्यायचास. पण चाळीत हातमाग होते तोवर त्यांनी पातळंच विणली.

"म्हनजे माग थांबवला तरी ताण्याचा ताण तसाच राहते, तसं?"

"तसंच."

"तो तं आधी ढिला करा लागते. नाईतं गाठ सोडली का सूत सटकन तोंडावर येते." त्यांनी हाताचे पंजे हवेत धरले, जणू समोर ताणा लावला आहे, आणि एक पंजा हळूच सैल सोडला. "हे तं पयल्या दिवशी शिकवते. मी शिकलो तं माह्या बापानं आधी हेच शिकवलं." मग त्यांचा हात तसाच राहिला. "याले नाई शिकवलं?"

"नाई."

"कोनंच नाई?"

"कोनंच नाई, मोठे बाबा."

तू गेल्यापासून ते रडले नव्हते. ज्या पोराची चूक त्याच्यासाठी किती रडायचं, असं काहीतरी त्यांनी स्वतःशी ठरवून टाकलं असावं. त्या संध्याकाळी ते रडले. मी बाहेर जाऊन बसले.

तेरवीला सेठ आला. फुलांचा हार, पांढरे कपडे, सगळं रीतसर. पंगतीत बसला आणि शेजारच्याला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाला, "गजू गुणाचा होता, पन बेपर्वाई करून बसला." मी उठणार होते. तोंडात भाषण तयारच होतं. पण वाढायला वाकलेले मोठे बाबा, हातात वरणाची बादली, तिथंच थांबले.

"सेठ, एक विचारू काय? खोलाच्या आधी पाइपातला जोर काढा लागते, हे तुमाले माईत होतं काय?"

सेठ गोंधळला. "काका, सगळ्याच गॅरेजात असंच करते. गाडी ठंडी झाली का खोलते."

"माईत होतं काय?"

"नाई. खरं सांगतो, नाई."

"मंग त्याले बेपर्वा काहून म्हनता? तुमी जे शिकवलं ते त्यानं केलं." आणि त्यांनी सेठच्या पानात वरण वाढलं. दादा, त्यांच्या जागी मी असते तर नसतं वाढलं. पुढे म्हणाले, "मी तुमची माफी मांगतली होती. ते वापस घेतो."

पंगतीत कोणी घास घेतला नाही. सेठनं मान खाली घातली, पण तो शब्द मागे घेतला नाही. जेवला आणि गेला.

गॅरेज चालू आहे. सेठनं एक सुधारणा केली: जाळीतला बल्ब फेकून दिला, बॅटरीची टॉर्च आणली. "आता काई डर नाई," म्हणतो. सगळ्यांनी मिळून दोष बल्बवर टाकला. मी 'गाडी ठंडी असली तरी पाइप ठंडा नसतो' असं साध्या भाषेत, फोरमननं सांगितलेल्या पायऱ्यांसकट, पत्रक छापलं, गॅरेजागॅरेजातून वाटलं. एका जागी माझ्यादेखत त्यावर बोल्ट ठेवले. तेल सोसतंच म्हणा. तू हसला असतास.

मोठे बाबा आता रोज सकाळी तुझ्या गॅरेजवर जातात. फाटकातल्या बाकावर बसतात. कोणी बॉनेट उघडलं की उठून जवळ जातात आणि विचारतात, "जोर काढला काय रे?" पोरं आधी चेष्टा करायची. "बाबा, तुमाले मागावरून इकडं कोनं ट्रान्सफर केलं?" ते तिथंच उभे राहतात.

काल मी सोबत होते. मोरेश्वरच्या पट्ट्या निघाल्या आहेत, कातडी अजून गुलाबी आहे. फिल्टरचंच काम होतं. त्यानं बॉनेट उघडलं, तळहात ठेवला. मोठे बाबा उठले.

"जोर काढला काय रे, मोरेश्वर?"

"काढला, बाबा."

खोटं. फ्यूजच्या डबीला त्यानं हात लावला नव्हता. मी तिथंच भडकले. "अरे, सगळ्यांत जास्त तुले माईत पाह्यजे! तुह्या हातात होता ना बल्ब?" त्यानं पाना आपटला. "हो, माह्या हातात होता. रोज तेच ऐकवता तुमी. आता बल्ब हाय कुठं? गिऱ्हाईक उभं हाय, सेठ वरडते, मी काय करू?" बोलता बोलता त्याचा आवाज फाटला. त्यानं पाना उचलला आणि वाकला.

तेव्हा मोठे बाबा त्याच्या बाजूला गेले. मला वाटलं, समजावतील. ते वाकले, आणि त्यांनी आपला चेहरा त्या सांध्यावर धरला. अगदी जवळ. चष्मा काढून खिशात ठेवला होता.

"खोल," म्हणाले.

"बाबा, बाजूले व्हा."

"काहून? काढला ना जोर? खोल मंग."

मोरेश्वरच्या हातातला पाना हलेना. सेठ खुर्चीतून उठला आणि उभाच राहिला. मी पुढे झाले नाही. मला होता आलं नाही. मोठ्या बाबांनी डोळे मिटून घेतले होते, त्या चेहऱ्यावर ना राग होता ना काही. एखादा माणूस दाढी करून घ्यायला बसतो तसे वाकून थांबले होते.

मोरेश्वर मागे सरला. टाकीचं झाकण उघडलं. फ्यूजच्या डबीशी गेला, चाचपडला, चुकीचा काढला, परत लावला, मग बरोबर काढला. सीटवर बसून चावी फिरवली. इंजिन सुरू झालं, थोडं चाललं, धाप लागल्यासारखं अडखळलं आणि बंद पडलं. पुन्हा सेल्फ मारला. काही नाही. मग त्यानं बॅटरीची वायर सोडली, सांध्याभोवती फडकं गुंडाळलं, मोठ्या बाबांचे खांदे धरून त्यांना हळूच बाजूला केलं, आणि सांधा सोडवला.

फडक्यावर दोन-चार थेंब आले. दोन-चार थेंब, दादा.